स्थलांतरित महिला, रूढी आणि गावाचे मौन

विंचूर (ता. निफाड) - द्राक्षाची गोडी छाटणी जवळ आली, की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतील कुटुंबे मुकादमामार्फत निफाडच्या बागांकडे निघतात. थिनिंग, डिपिंग, पुढे कांदालागवड यांतील बरेचसे काम महिलांच्या हाती असते. मुक्काम मळ्यातील शेडमध्ये. माणसे कामासाठी येतात, तेव्हा त्यांची बोली, देव आणि रूढीही सोबत येतात. त्यातील बहुतेक निरुपद्रवी. काही मात्र बाईच्या जिवावर उठणाऱ्या.

समजा, टोळीतील एखादे मूल तापाने फणफणले, भगताने बोट दाखवले आणि एखादी विधवा ‘भुताळी’ ठरली. मूळ गावी तिला निदान भाऊबंद, माहेर, शेजार असतो. मळ्यावर यातील काहीच नाही. उचल दिलेला मुकादम हाच टोळीचा कारभारी. अशा वेळी ‘तो त्यांच्यातला प्रश्न’ असे म्हणून मळेमालक बाजूला झाला, तर तिच्यासाठी शेवटचे दारही बंद होते.

कायदा मात्र असा भेद करीत नाही. राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ घेऊन तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी ६ महिने ते ७ वर्षे कैदेची तरतूद असून, दक्षता अधिकारीही नेमले जातात. त्याच वर्षी नाशिक शहरात आंतरजातीय विवाह केलेल्या गर्भवती तरुणीचा पित्यानेच खून केला. त्यानंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरोधात मोहीम उघडली. पुढे सामाजिक बहिष्काराविरोधातील कायदा झाला व ३ जुलै २०१७ पासून तो अमलात आला. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

कायदे आहेत, पण मळ्यावर ते सांगणार कोण? येथेच आंतरसांस्कृतिक प्रशिक्षणाचा मुद्दा येतो. शब्द जड असला, तरी आशय साधा आहे. युरोपातील २०११ च्या इस्तंबूल कराराने पीडित महिलांशी संबंध येणाऱ्या व्यावसायिकांचे प्रशिक्षण ही सरकारांची जबाबदारी ठरविली. आपल्याकडे ही माणसे म्हणजे आशा, अंगणवाडी सेविका, पोलिस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजेच पूर्वीचे ग्रामसेवक. बालविवाह रोखण्याची जबाबदारी याच अधिकाऱ्यावर आहे. त्यांच्या पंक्तीला मळेमालक व मुकादम यांनाही बसवायला हवे.

या वर्गात पहिला धडा यजमानांसाठीच असावा. ज्यांच्या लग्नांत हुंडा मानपानाच्या नावाखाली घेतला जातो, त्यांनी आदिवासींना सुधारण्याचा आव आणू नये. कित्येक आदिवासी समाजांत वरपक्षच वधूपक्षाला देज देतो आणि विधवेचे पुन्हा लग्न लावण्यास हरकत नसते. ‘तुमच्या प्रथा मागासलेल्या’ अशी सुरुवात केली, की समोरची बाई गप्प होते. भगताची जडीबुटी आणि त्याने बाईवर घेतलेला आळ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे प्रशिक्षण घेणाऱ्याला उमगले पाहिजे.

बोलणारी व्यक्तीही शक्यतो त्याच बोलीतील, त्यातही महिला असावी. मुकादमासमोर कोणतीही बाई तोंड उघडणार नाही; तिच्याशी एकटीने बोलण्याची सोय हवी. तापाच्या मुलाला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात नेले, तर भगताला बोट दाखविण्याचे निमित्तही बरेचदा उरणार नाही. यासाठी वेळही साधावी लागेल. टोळ्या एकदा मळोमळी विखुरल्या, की त्यांना एकत्र गाठणे अवघड. हे काम सप्टेंबरमध्ये, उचल वाटली जाते तेव्हाच सुरू व्हायला हवे.