स्पीकरमधली ‘घुंऽऽ’ कुठून येते?

मुलांनो, परिपाठाला अँप्लिफायर चालू केला की कुणी बोलायच्या आधीच स्पीकर ‘घुंऽऽ’ करायला लागतो. घरच्या होम थिएटरलाही हा आवाज येतो. आपण माइकला दोष देतो, पण बहुतेक वेळा ही घुं विजेची असते.

घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. अँप्लिफायर या एसीचा डीसी करतो. तेव्हा लाटेचा खालचा अर्धा भागही वर वळवला जातो, म्हणून सेकंदाला १०० चढउतार होतात. ते सपाट करायचं काम कपॅसिटरचं. तो जुना होऊन कमजोर झाला की उरलेले चढउतार स्पीकर ऐकवतो. सगळ्या वायरी काढूनही घुं राहिली तर इथं शंका घ्यायची. मात्र बदलायचं काम मेकॅनिकचं, कारण स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

दुसरं कारण जास्त आढळतं. लॅपटॉप एका बोर्डावर, अँप्लिफायर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मधे ऑडिओची वायर. दोन्हीकडं अर्थिंग असतं, पण दोन जागी व्होल्टेजचा किंचित फरक पडतो. मग ऑडिओ वायरच्या बाहेरच्या जाळीतून ५० हर्ट्झचा बारीक प्रवाह वाहतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. घुं थांबली की कारण सापडलं! दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर लावली की बऱ्याचदा काम भागतं. नाहीतर ऑडिओ वायरच्या मधे आयसोलेटर बसवायचा.

काही जण मात्र प्लगची अर्थिंगची जाड पिनच काढून टाकतात. घुं जाते खरी, पण हे अजिबात करू नका. ती पिन लांब असते, कारण प्लग घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली तर करंट अर्थिंगमधून जातो आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर? माइकची धातूची बॉडी वायरच्या जाळीतून त्याच पत्र्याला जोडलेली असते. गगनबावड्यात १५ ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा. ओल्या मैदानात अनवाणी उभं राहून भाषण करणाऱ्या मुलाच्या हातात तोच माइक असतो.

आपल्याकडं अर्थिंगची उन्हाळ्यातही काळजी घ्यावी लागते. पावसात जमीन ओली, त्यामुळं वीज सहज जिरते. मे महिन्यात जांभा सुकला की तसं होत नाही. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात, उन्हाळ्यात वरून पाणी ओततात. वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यायला पालकांना सांगा.

स्टॅबिलायझर घेतल्यानं घुं जात नाही, तो फक्त व्होल्टेज सांभाळतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज वाढत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा असू शकतो. त्याची लाट गोलसर नसते, चौकोनी असते. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर हा त्रास कमी होतो. आणि फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू होताना एकदाच ‘टक्’ वाजलं तर ती स्विचमधली ठिणगी, त्याला दुरुस्ती लागत नाही.