दंतवैद्याचें भय : त्याचें मूळ व त्यावरील उपाय

'दांत आहेत तर चणे नाहींत, चणे आहेत तर दांत नाहींत' ही म्हण आपण दैवाच्या विपरीत खेळास उद्देशून योजितों. परंतु थोडा विचार केल्यास असें दिसून येईल कीं, दांत नाहींसे होणें हा बहुधा दैवाचा खेळ नसून आपल्याच हेळसांडीचा परिणाम असतो. आणि त्या हेळसांडीच्या मुळाशीं आळसापेक्षां भीतिच अधिक असते. अतिशय भय वाटलें म्हणजे मनुष्याची 'दांतखीळ बसते' असें म्हणतात. दंतवैद्याच्या खुर्चीचें नुसतें नांव काढतांच पुष्कळांची अशीच स्थिति होते. रब्बीच्या हंगामांत मध्यरात्रीं हरभऱ्यास ओलीत करण्यासाठीं एकटे शेतांत जाणारे, सापविंचवास न भिणारे आमच्या वाशीम भागांतील धट्टेकट्टे गृहस्थ दाढ दुखूं लागली म्हणजे तिच्याखालीं लवंग धरून चार चार दिवस कण्हत बसतील, पण दवाखान्याची पायरी चढणार नाहींत. मोठ्यांचें हें वर्तन पाहून मुलेंही तेंच शिकतात. म्हणून या भयाचें मूळ कोठें आहे, तें कितपत खरें आहे व त्यावर मात कशी करावी, याचा विचार विद्यार्थी व पालक या उभयतांनीं मिळून करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम दांत किडतो म्हणजे काय होतें, तें पाहूं. 'कीड' या शब्दामुळें दांतांत एखादी अळी शिरून तो पोखरते, अशी समजूत प्राचीन काळापासून चालत आली आहे. सुश्रुतसंहितेंत या रोगास 'कृमिदंतक' असेंच नांव आहे. रिंगणीच्या बियांचा धूर देऊन दाढेंतील किडे पाडण्याचा उपाय खेड्यापाड्यांत पिढ्यान् पिढ्या होत आला. वास्तविक दांतांत अशी अळी नसते. बर्लिन येथें संशोधन करणाऱ्या विलोबी मिलर नांवाच्या अमेरिकन दंतवैद्यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखवून दिलें कीं, तोंडांतील सूक्ष्म जंतु अन्नांतील साखर व पिठूळ पदार्थ यांपासून आम्ल तयार करितात आणि तें आम्ल दांताचें कवच हळूहळू विरघळवितें. हें कवच आपल्या शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु त्यांत संवेदना मुळींच नसते. कवचाच्या आंत किंचित् मऊ असा दंताचा मुख्य भाग असतो, त्यास थंड, ऊन व गोड यांची जाणीव होते. आणि त्याच्याही आंत मज्जातंतु व रक्तवाहिन्या यांनीं भरलेला नाजूक गाभा असतो. तुळईला वाळवी लागते तेव्हां वरचा रंग जसाच्या तसा दिसतो आणि आंतून लांकूड पोकळ होत जातें. दांताचेंही तसेंच आहे. दुःख होऊं लागतें तें कीड गाभ्याजवळ पोंचल्यावर. अर्थात् ठणका हा रोगाचा आरंभ नव्हे. तो रोग पुष्कळ पुढें गेल्याची खूण होय.

ही एक गोष्ट ध्यानांत आली म्हणजे भयाचें निम्में कोडें उलगडतें. ज्याचा दांत नुकताच किडूं लागला आहे, त्याच्या दांताचा किडका भाग कोरून तेथें चांदीसारखें किंवा दांताच्या रंगाचें मिश्रण भरलें कीं काम झालें. तें बहुधा एका बैठकींत उरकतें व त्यांत फारसें दुखत नाहीं. पण भीतीमुळें जो जाण्याचें टाळतो, तो ठणका असह्य झाल्यावरच जातो. तोंवर गाभ्यास सूज आलेली असते. मग मुळापर्यंत साफ करण्याचा लांबलचक उपचार करावा लागतो, किंवा दांत काढावा लागतो. साहजिकच त्याच्या मनांत 'दंतवैद्य म्हणजे वेदना' असें समीकरण बसतें. तो घरीं येऊन तेंच दहा जणांस सांगतो, आणि ते दहा जणही दुखेपर्यंत थांबतात. याप्रमाणें ही भीति आपला पुरावा आपणच उत्पन्न करीत असते.

तथापि आपल्या पणजोबांचें भय अगदींच निराधार होतें, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. बधिर करण्याचें औषध नव्हतें तेव्हां दांत उपटणें ही खरोखरच भयंकर यातना होती. त्या यातनेंतून जगास सोडविण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं दंतवैद्यांकडेच जातें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. अमेरिकेंतील हार्टफर्ड येथील होरेस वेल्स या दंतवैद्यानें १८४४ सालीं नायट्रस ऑक्साइड नांवाचा वायु हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. त्यानंतर १८४६ च्या ऑक्टोबर महिन्यांत विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानें बोस्टन येथें ईथर देऊन रोग्यावर वेदनारहित शस्त्रक्रिया होऊं शकते, हें सर्वांसमक्ष सिद्ध केलें. पुढें केवळ तेवढीच जागा बधिर करणारीं औषधें निघालीं. त्यांपैकीं १९४३ सालीं स्वीडनमध्यें निल्स लोफग्रेन यानें तयार केलेलें लिडोकेन आज सर्वत्र वापरलें जातें. कोरण्याचें यंत्रही पालटलें. १८७१ च्या सुमारास तें शिवणयंत्राप्रमाणें पायानें चालवीत. १९५७ सालीं हवेच्या दाबानें मिनिटास लाखों फेरे घेणारें यंत्र प्रचारांत आलें, आणि पूर्वीं ज्या कामास दीर्घकाळ घरघर सोसावी लागे, तें थोड्या अवधींत होऊं लागलें.

सोयींचीही तीच गोष्ट. १९२० सालीं डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास हिंदुस्थानांतील पहिलें दंतमहाविद्यालय काढलें. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ सालीं निघालें. आणि आपल्या विदर्भांत नागपूर येथें शासकीय दंतमहाविद्यालय १९६८ सालीं स्थापन झालें. खुद्द आमच्या वाशीमांत मिशनचें रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय डॉ. ऑर्फा स्पायशर यांनीं सुरू केलें तें १९३८ सालीं. आतां दांतांचे दवाखाने जिल्ह्याच्या गांवीं सहज आढळतात. साधनें पालटलीं, अंतर घटलें. पण भीति मात्र पणजोबांच्या काळचीच उरली आहे.

ती केवढी हानि करिते याचें एक उदाहरण सांगतों. आमच्या नववीच्या वर्गांतील एका मुलाची खालची दाढ सहामाही परीक्षेपूर्वीं महिनाभर दुखत होती. दाढ काढली तर डोळे जातात असें त्यानें ऐकलें होतें, म्हणून त्यानें घरीं कोणासही सांगितलें नाहीं. तो एकाच बाजूनें जेवी; रात्रीं उशी गालाखालीं दाबून पडून राही; वर्गांत त्याचें लक्ष लागेना, त्याबद्दल बोलणींही खाई. शेवटीं गाल सुजला, ताप चढला व परीक्षेचे दोन पेपर बुडाले. वडिलांनीं त्यास दंतवैद्याकडे नेलें. पू काढून औषध देण्यांत आलें व पुढें तीन खेपांत दाढ वांचली. शाळेंत परत आल्यावर तो मला म्हणाला, "सर, तिथें जेवढं दुखलं, त्यापेक्षां जास्त तर मी रोज रात्रीं सोसत होतों."

दाढ काढल्यानें दृष्टि जाते, ही समजूत सर्वस्वीं खोटी आहे. दृष्टीचा तंतु निराळा व दांतांना संवेदना देणारा तंतु निराळा. त्यांचा परस्परांशीं असा संबंध नाहीं. उलट, किडक्या दाढेच्या मुळाशीं सांचलेला पू तसाच राहूं दिल्यास तो जबड्यांत व गळ्याकडे पसरून जिवावर बेतल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. तेव्हां भ्यावयाचेंच असेल, तर उपचारापेक्षां विलंबास भ्यावें, हें उचित होय.

आतां उपाय. अज्ञात गोष्टीचें भय सर्वांत मोठें असतें. म्हणून खुर्चींत बसल्यावर काय घडतें, तें आधींच जाणून घ्यावें. दंतवैद्य प्रथम लहानशा आरशानें तोंड पाहतात. जरूर तर क्ष-किरणांचें चित्र घेतात. बधिर करावयाचें असल्यास हिरडीवर आधीं मलम लावून मग सुई देतात; ती मुंगी चावल्यासारखी क्षणभर बोंचते. थोड्या वेळानें ओठ जड वाटूं लागतो. नंतर यंत्राचा आवाज होतो, पाणी उडतें, दाब जाणवतो. पण दाब व वेदना हीं एक नव्हेत. विद्यार्थ्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. आपणांस भीति वाटते हें दंतवैद्यांस आरंभींच सांगावें. त्यांत लाज नाहीं. दुखल्यास डावा हात वर करीन व आपण थांबावें, असा संकेत ठरवून घ्यावा. थांबविण्याची सत्ता आपल्या हातीं आहे एवढ्या जाणिवेनेंच मन पुष्कळ स्थिर होतें. शक्य तर सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे दिवसभर धास्ती वाहावी लागत नाहीं. दुसरें कांहीं सांगितलेलें नसल्यास थोडें खाऊन जावें. श्वास सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. बधिरपणा उतरेपर्यंत ओठ चावूं नये व ऊन पदार्थ खाऊं नयेत. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, पहिली भेट दांत दुखत नसतांनाच घ्यावी. त्या भेटींत केवळ पाहणी होते व तें स्थान परिचयाचें होतें.

पालकांस दोन शब्द. "ऐकलें नाहींस तर डॉक्टरकडे नेऊन सुई टोंचवीन" हें वाक्य आपल्या घरांतून कायमचें हद्दपार करावें. ज्याच्याकडे शिक्षेसाठीं नेण्याचा धाक घातला, त्याच्याकडे मूल उपचारासाठीं आनंदानें कसें जाईल? त्याचप्रमाणें "कांहींच दुखणार नाहीं" असेंही सांगूं नये. थोडें दुखलें तरी मुलाचा तुमच्या शब्दावरील विश्वास उडतो. नीतिसूत्रांच्या ग्रंथांत संकटसमयीं अविश्वासू मनुष्यावर टाकलेल्या भरंवशास तुटक्या दांताची उपमा दिली आहे, ती येथें दोन्ही अंगांनीं लागू पडते. "थोडें टोंचेल, मी जवळ बसेन" असें खरें तेंच सांगावें.

दुसरी सूचना याहून महत्त्वाची आहे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या वीस दांतांच्या मागें एक नवी दाढ येते. तिच्यासाठीं कोणताही दांत पडत नाहीं, म्हणून तीही दुधाचीच आहे, किडली तरी पडून जाईल, असें पुष्कळ आईबाप समजतात. वस्तुतः ती कायमची दाढ असते व जन्मभर तिच्यावरच चावावयाचें असतें. तिच्यावर काळा ठिपका दिसतांच मुलास दाखवून आणावें. रात्रीं निजण्यापूर्वीं फ्लुओराइडयुक्त पेस्टनें दांत घासण्याची संवय लावावी. मिसरी व खर्रा हीं घरांत येऊंच देऊं नयेत. गोड पदार्थ जेवणाबरोबर द्यावे, दिवसभर येतां जातां बिस्किटें व चॉकलेटें देऊं नयेत, कारण प्रत्येक वेळीं दांतांवर आम्लाचा हल्ला नव्यानें सुरू होतो. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीसाठीं २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत दांतांच्या रोगांचाही समावेश आहे. शाळेंत तपासणीचें पथक आलें असतां त्या दिवशीं मुलास घरीं ठेवूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, भीति वाटणें हा दोष नव्हे. भीति वाटत असतांही जें करणें योग्य आहे तें करणें, यासच धैर्य म्हणतात. आणि असें धैर्य रणांगणावरच लागतें असें नाहीं, दंतवैद्याच्या खुर्चींतही तें लागतें. एकदां तेथें मिळविलेला जय पुढें परीक्षेंत, सभेंत व संसारांत उपयोगीं पडतो. उन्हाळ्याची सुटी जवळ आली आहे. आज घरीं गेल्यावर उजेडांत आरसा घेऊन आपल्या मागच्या दाढा नीट पाहा. कोठें काळा ठिपका किंवा खळगा दिसला, तर तो लपवूं नका. आजच आईवडिलांस सांगा. दुखूं लागेपर्यंत वाट पाहूं नका.