प्रेक्षकाचा धर्म

मोठ्या क्रीडामहोत्सवाचे वर्णन वाचताना आपले सारे लक्ष खेळाडूंकडे असते, आणि ते योग्यच आहे. कोण किती वेगाने धावला, कोणत्या देशाने किती पदके मिळविली, ह्याचीच नोंद वृत्तपत्रे ठेवितात. परंतु क्रीडांगणाभोवती जी हजारो माणसे बसलेली असतात, त्यांच्याविषयी क्वचितच कोणी लिहितो. त्यांनी तिकीट काढावे, जागेवर बसावे, ओरडावे आणि घरी जावे, एवढेच त्यांचे काम, असे आपण समजतो. हा समज बरोबर नाही. खेळाडूस जसे नियम आहेत, तसा प्रेक्षकासही एक धर्म आहे. आणि तो पाळणे कधीकधी खेळण्याइतकेच अवघड असते. हे मला कसे उमगले, ते येथे सांगावयाचे आहे.

आशिया खंडातील राष्ट्रांच्या क्रीडास्पर्धा प्रथम १९५१ साली दिल्लीस भरल्या. त्या वेळी अकरा राष्ट्रे आली होती. एकतीस वर्षांनी, १९८२ च्या नोव्हेंबर-डिसेंबर महिन्यांत, नवव्या आशियाई स्पर्धा पुन्हा दिल्लीस भरल्या, तेव्हा ही संख्या तेहतीस झाली होती. मी त्या वेळी पुण्यास एम. ए. च्या वर्गात शिकत होतो. दोघा मित्रांसह मी आगगाडीने दिल्लीस गेलो आणि काही दिवस तेथे राहिलो.

अशा स्पर्धा पाहावयास प्रथमच जाणारा मनुष्य आरंभी गोंधळून जातो. नाटकात एका वेळी एकच प्रवेश चालतो. क्रीडांगणावर मात्र एकाच वेळी तीन-चार ठिकाणी निरनिराळे सामने चालू असतात. एका कोपऱ्यात भाला फेकतात, दुसरीकडे उंच उडी चालते आणि सभोवती धावण्याची शर्यत सुरू होते. कोठे पाहावे हेच कळत नाही. चारशे मीटरच्या शर्यतीत सर्व धावपटू एका रेषेवर उभे नसतात, हे पाहूनही मला नवल वाटले होते. शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी त्याचे कारण सांगितले. धावपट्टीला वळणे असतात आणि बाहेरच्या पट्टीचे वळण आतल्या पट्टीपेक्षा लांब असते. म्हणून अंतर सारखे व्हावे यासाठी बाहेरच्या धावपटूस पुढे उभे करितात. त्यामुळे शेवटचे वळण संपून सरळ वाट लागेपर्यंत खरा आघाडीवर कोण, हे नवख्या डोळ्यास ओळखता येत नाही. केरळच्या एम. डी. वल्सम्मा हिने चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले, ते ह्याच स्पर्धांत. दहा अडथळे ओलांडून, दमलेल्या पायांनी, ती अंतिम रेषेकडे आली, तेव्हा मला सारी शर्यत समजत होती. आणि समजल्यामुळेच माझा आनंद दुणावला होता. जाणून पाहणे, हा प्रेक्षकाच्या धर्माचा पहिला भाग होय.

दुसरा भाग म्हणजे मौन आणि घोष यांचा विवेक. शंभर मीटरची शर्यत सुटण्यापूर्वी सारे क्रीडांगण स्तब्ध होते, कारण धावपटूंचे कान बंदुकीच्या आवाजाकडे लागलेले असतात. त्या क्षणी कोणी ओरडले, तर वर्षानुवर्षांचे श्रम वाया जाऊ शकतात. उलट, लांब उडी घेणारा खेळाडू पुष्कळदा स्वतःच हात उंचावून टाळ्यांचा ठेका मागतो आणि त्या ठेक्यावर धावू लागतो. विजेत्याचे राष्ट्रगीत सुरू झाले म्हणजे, ते कोणत्याही राष्ट्राचे असो, आपण उभे राहतो. ह्या गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत, तरी चार दिवसांत अंगवळणी पडतात.

तिसरा भाग मात्र इतका सोपा नाही, आणि त्याच ठिकाणी मी चुकलो.

डिसेंबरच्या १ तारखेस राष्ट्रीय क्रीडांगणावर हॉकीचा अंतिम सामना झाला. भारत आणि पाकिस्तान समोरासमोर होते. प्रेक्षागारात पाय ठेवावयास जागा नव्हती. पहिला गोल भारताने केला आणि आमच्या जयघोषाने आकाश दुमदुमले. परंतु त्यानंतर पाकिस्तानने गोलांमागून गोल चढविण्यास आरंभ केला. भारताचा ७-१ असा पराभव झाला. ते सात गोल किती सफाईने झाले होते, हे मी पाहिले, परंतु एकासही टाळी वाजविली नाही. हळूहळू लोकांचा राग आपल्या गोलरक्षकाकडे वळला. आमच्या मागील रांगेतून कोणी तरी ओरडले, "हा विकला गेला आहे!" मी त्यास अडविले नाही. खरे सांगावयाचे तर, त्या क्षणी मलाही ते खरे वाटले. पदके देण्याचा समारंभ होण्यापूर्वीच मी आणि माझे मित्र उठून बाहेर पडलो.

वास्तविक मी कुस्तीच्या फडात वाढलेला मुलगा. आमच्या गावच्या जत्रेत कुस्ती निकाली झाली, की जाणते लोक विजयी पैलवानास फेटा बांधीत आणि चीत झालेल्याच्या पाठीवरही थाप मारीत. परगावचा पैलवान गावच्या पैलवानास आस्मान दाखवून गेला, तरी त्यास शाबासकी मिळाल्यावाचून राहत नसे. लहानपणी पाहिलेली ही रीत दिल्लीत मला आठवली नाही.

तो गोलरक्षक म्हणजे मीर रंजन नेगी. कोणताही पुरावा नसताना लोकांनी त्याच्यावर देशद्रोहाचा आळ घेतला आणि त्यास वर्षानुवर्षे त्याची झळ सोसावी लागली. पुढे १९९८ साली बँकॉक येथे भारतीय संघाने आशियाई स्पर्धांतील हॉकीचे सुवर्णपदक बत्तीस वर्षांनंतर परत मिळविले, तेव्हा त्या संघाच्या गोलरक्षकांस शिकविणारे मार्गदर्शक नेगीच होते. ती बातमी वाचली त्या दिवशी माझे मन मला खाऊ लागले. आळ घेणाऱ्या जमावात माझाही एक आवाज होता; तो तोंडातून निघाला नव्हता, एवढेच.

त्यानंतर ह्या स्पर्धांचा इतिहास वाचताना १९६२ सालची एक हकीकत माझ्या दृष्टीस पडली. त्या वर्षी आशियाई स्पर्धा इंडोनेशियात, जाकार्ता येथे भरल्या होत्या. यजमान राष्ट्राने इस्रायल आणि तैवान येथील खेळाडूंस प्रवेशाचे परवाने दिले नाहीत. आशियाई क्रीडासंघाचे भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यास हरकत घेतली. त्यामुळे जाकार्तातील लोक भारतावर क्षुब्ध झाले. अशा स्थितीत फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी चुनी गोस्वामी यांचा भारतीय संघ दक्षिण कोरियाविरुद्ध मैदानावर उतरला. सुमारे एक लक्ष प्रेक्षक त्यांची हुर्यो उडवीत होते. ह्या कोलाहलात भारतासाठी आवाज उठविणारी जी थोडी माणसे होती, त्यांत पाकिस्तानच्या हॉकीसंघातील खेळाडू होते, असे सांगतात. त्याच स्पर्धांत हॉकीच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारतास हरविले होते. डोक्याला टाके पडलेले असतानाही जर्नेलसिंग खेळला व त्याने गोल केला. त्याआधीचा पहिला गोल प्रदीपकुमार बॅनर्जी याने केला होता आणि भारत २-१ असा विजयी झाला. ही हकीकत वाचून मी पुस्तक मिटले. जाकार्तात आपल्यासाठी ज्यांनी कंठ कोरडा केला, त्यांच्याच देशाच्या खेळाडूंस वीस वर्षांनी दिल्लीत माझ्याकडून एक टाळीही मिळाली नव्हती.

प्रेक्षकांचे मोल किती, हे जगास २०२१ साली पुरतेपणी कळले. कोरोनाच्या साथीमुळे एक वर्ष लांबलेल्या टोकियो येथील ऑलिंपिक स्पर्धा बहुतेक रिकाम्या प्रेक्षागारांसमोर झाल्या. ७ ऑगस्ट रोजी नीरज चोप्रा याने ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्या विशाल क्रीडांगणात हजारो आसने ओस पडली होती. पराक्रम तोच, पदक तेच. परंतु आनंद झेलावयास समोर माणसे नव्हती.

तीन वर्षांनी, २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात, पॅरिस येथे प्रेक्षागारे पुन्हा भरली. ह्या वेळी पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्णपदक जिंकले आणि नीरजला रौप्यपदक मिळाले. नीरजच्या आई हरियानातील आपल्या गावी होत्या. ज्यास सुवर्ण मिळाले, तोही आपला मुलगाच आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. पोटच्या मुलाचे सुवर्णपदक हुकले असताना त्या माउलीचे मन इतके मोठे राहिले. स्वदेशाच्या विजयाची इच्छा धरणे हा दोष नव्हे. ती इच्छा नसेल, तर खेळ पाहण्यात गोडी ती काय? परंतु त्या इच्छेने डोळे झाकले जाऊ नयेत. समोर जे उत्तम घडले, त्यास उत्तम म्हणावे, आणि जो हरला त्यास एकटे टाकू नये, हाच प्रेक्षकधर्माचा तिसरा आणि सर्वांत कठीण भाग.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी थोडेच जण पुढे मोठ्या स्पर्धांत खेळतील. परंतु प्रेक्षक तर तुम्ही सर्वच जण होणार आहात. किंबहुना शाळेच्या मैदानावर आजही आहात. मी मुख्याध्यापक असताना वार्षिक क्रीडामहोत्सवात एकच गोष्ट मुलांस आग्रहाने सांगत असे. पहिला आलेला मुलगा दोरी तोडून गेला, तरी कोणी जागेवरून उठावयाचे नाही. शेवटचा मुलगा रेषेवर येईपर्यंत थांबावयाचे आणि त्यास टाळी द्यावयाची. मुलांस त्यामागील कारण ठाऊक नव्हते. दिल्लीतील त्या संध्याकाळी मी चार क्षण थांबलो नाही, ते माझ्या विद्यार्थ्यांनी थांबावे, एवढीच माझी इच्छा होती.