वाघ आणून सोडला की रानडुकरं कमी होतात का?

नशिराबादहून भुसावळकडे निघालं की साकेगावला वाघूर नदी लागते. हीच नदी वर अजिंठ्याच्या लेण्यांखालून येते. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तिथे वाघाच्या शिकारीला गेला आणि त्याला लेणी दिसली. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी या नदीच्या खोऱ्यात वाघ होते. आता रानडुकरं आहेत, मका आडवा करणारी.

म्हणूनच नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्याची वाघीण चांदोलीत, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडली, तेव्हा आपल्याकडच्या ग्रुपवर अर्धी गंमत, अर्धी मागणी सुरू झाली: एक इकडेही पाठवा, डुकरं तरी आटोक्यात येतील.

येतील का? साधं गणित बघा. वाघ साधारण आठवड्याला एक मोठं जनावर मारतो, म्हणजे वर्षाला पन्नासेक. रानडुकराची एक मादी एका वेतात चार-सहा पिल्लं देते. त्यात वाघाचं मुख्य ठिकाण जंगल आणि डुकराचं ताट तुमच्या शेतात.

इथे कुणीतरी यलोस्टोनचा व्हिडिओ टाकतोच. 1995-96 मध्ये अमेरिकेतल्या या उद्यानात कॅनडातून 31 लांडगे आणून सोडले. एल्क नावाची मोठी हरणं घटली, काही ठिकाणी झाडं पुन्हा वाढली, हे खरं. पण त्याच काळात तिथे अस्वलंही वाढली आणि उद्यानाबाहेर माणसांची शिकारही चालूच होती. त्यामुळे श्रेय किती लांडग्यांचं, यावर संशोधक अजून भांडतायत. व्हिडिओत एवढं मावत नाही.

बरं, सोडलेला प्राणी तिथेच राहील हेही नक्की नाही. मध्य प्रदेशातल्या पन्नात 2009 मध्ये एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड आणि कान्हातून वाघिणी आणल्या, पेंचमधून एक नर आणला. हा गडी काही दिवसांतच बाहेर पडला आणि थेट पेंचच्या दिशेने चालत सुटला! महिनाभर हत्तींवरून त्याचा माग काढून त्याला परत आणलं. पुढे त्याच्याच पिल्लांनी पन्ना भरलं. सह्याद्रीत तर वाघिणीच्या आधी खाण्याची सोय करावी लागली, सागरेश्वरहून चितळं आणून सोडली.

आता आपल्या जिल्ह्याचं बघू. मुक्ताईनगर तालुक्यात, डोलारखेडा भागात वाघ आहेत आणि ते कुणी आणून सोडलेले नाहीत. सातपुड्याच्या जंगलपट्ट्यातून ते स्वतः आले. मुक्काम कुठे, तर केळीच्या बागेत. गारवा, पाणी, दाट सावली आणि आत शिरलेली डुकरं, वाघाला अजून काय हवं?

डुकरांना थोडा धाक बसत असेलही. पण शेतीची लाईट रात्री आली तर मोटर चालू करायला त्याच बागेत माणसाला जावं लागतं. दिवसा वीज द्या, ही मागणी म्हणूनच तिथे जिवाची आहे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर सरकार कुटुंबाला 25 लाख देतं.

आणि डुकरांसाठी कुंपणात करंट सोडायची जी खोड आपल्याकडे आहे, त्या तारेला डुक्कर आणि वाघ वेगळे कळत नाहीत. विदर्भात असे कितीतरी वाघ मेलेत. कधीकधी तार लावणारा शेतकरीसुद्धा.