चित्रातले घर कोणाचे?

मांडवगण फराट्याला हंगामात उसाच्या फडाशेजारी कोप्या पडतात. तिथल्या मुलांसमोर मी एक चित्रांचे पुस्तक उघडले. अंगण, तुळस, झोपाळा. पहिलीतली पोर म्हणाली, "गुरुजी, ह्यात आमची कोपी कुठंय?"

ज्या पुस्तकात आपले घर नाही ते आपले नाही, असे मूल मुकाट्याने ठरवते. मग शाळा सुटायला वेळ लागत नाही.

म्हणून मी आता आधी चित्रे पाहतो. कष्टकऱ्यांचे घर त्यात आहे काय? असल्यास कीव करण्यापुरते, की जगणे म्हणून? काळा रंग राक्षसालाच दिला आहे काय? नंतर मजकूर: पानावर एक-दोन वाक्ये, पुन्हा पुन्हा येणारे शब्द, थोडी जोडाक्षरे, चित्रावरून ताडता येणारा अर्थ. शेवटी उपदेश असेल तर पुस्तक परत ठेवतो. मूल बोधासाठी नव्हे, पुढे काय झाले म्हणून पान उलटते.

पैशाची अडचण खरीच. पण प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रपुस्तके मोफत मिळतात.

आणि जे कुठेच मिळत नाही ते आपणच करावे. त्या पोरीने कोपी काढली, बोलली. मी तिच्याच शब्दांत लिहिले. तिने सर्वांत आधी वाचले ते हेच पुस्तक.