घरचं सोयाबीन पेरताय? आधी गोणपाटावर उगवून बघा

मिरगाला थोडेच दिवस उरलेत. कोपऱ्यातली सोयाबीनची पोती आता बाहेर निघतील. ती शेतात जाण्याआधी एक काम आपल्या हातून व्हायला हवं.

दुबार पेरणी आम्ही सोसली आहे. बियाणं गेलं, खत गेलं, ट्रॅक्टरचं भाडं गेलं. गटातून उचललेलं कर्ज तेवढं राहिलं. दोष दिला पावसाला. बी तपासलंच नव्हतं.

सोयाबीनचं बी दिसतं टणक, पण साल अगदी पातळ, आणि अंकुर सालीला लागूनच. पोतं आदळलं, मळणी यंत्र जोरात फिरलं, थप्पी उंच लावली, की तो दुखावतो. वरून बी चांगलं दिसतं, उगवत मात्र नाही. ज्वारीच्या सवयीने सोयाबीन हाताळू नका.

आता तपासणी. प्रत्येक पोत्यातून, वरून, मधून, खालून मूठ मूठ बी घ्या आणि एकत्र करा. त्यातले न निवडता १०० दाणे मोजा. चांगले चांगले वेचलेत तर फसवणूक आपलीच. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वरून दुसरा ओला तुकडा घाला आणि गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. गोणपाट ओलसर हवं, पाणी निथळायला नको. सहाव्या-सातव्या दिवशी उघडा आणि धड कोंब तेवढे मोजा. कुजलेले, मोडक्या कोंबाचे दाणे सोडून द्या. इथे मन मोठं करायचं नाही.

७० किंवा जास्त उगवले, तर एकरी ३० किलो बी पुरतं. कमी उगवले तर २१०० ला त्या आकड्याने भागा. ६० उगवले, तर एकरी ३५ किलो. त्याहून कमी असेल तर ते बी पेरू नका. दुसरं शोधायला अजून वेळ आहे. शेजारणीचं तपासलेलं बीही चालतं. सोयाबीन सरळ वाणाचं असल्याने एकदा प्रमाणित बियाणं आणलं, की पुढे दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं.

पेरण्याआधी बियाला बुरशीनाशक चोळा, मग रायझोबियम लावून सावलीत सुकवा. हातमोजे घाला. औषध लावलेलं उरलेलं बी जनावरांना घालू नका, दळायलाही नको. सोयाबीन पाण्यात भिजवायचं नाही, साल सुटते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, तेही दोन बोटांपेक्षा खोल नाही.

आणि विकतचं बी असेल, तर पिशवी खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरचं लेबल शाबूत राहतं. लेबल, पावती आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवलं नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करताना हेच मागतात.