प्रत्येक शिताची वेगळी परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. पेशींचं तसं नाही, तरीही जीवरसायनशास्त्राने त्यांना वर्षानुवर्षं सारखंच धरलं. परीक्षानळीत कोट्यवधी पेशी घ्यायच्या, त्यांनी मिळून केलेलं काम मोजायचं आणि संख्येने भागायचं. या सरासरीवर मोठं शास्त्र उभं राहिलं आणि ते खोटं नाही. पण काही प्रश्नांचं उत्तर सरासरीत नसतंच. ते मिळवायचं तर प्रत्येक पेशीला तेलात बुडालेल्या एका सूक्ष्म थेंबाचं स्वतंत्र घर द्यावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

1958 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. मेलबर्नमध्ये गुस्ताव्ह नॉसल आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी उंदरांना दोन वेगवेगळ्या साल्मोनेला जीवाणूंचे घटक टोचले. अशा उंदराच्या रक्तात दोन्हींविरुद्धची प्रतिपिंडं तयार होतात. ती दोन्ही एकच पेशी बनवते, की प्रत्येक पेशीचं काम ठरलेलं असतं? रक्त कितीही तपासलं तरी हे कळणार नाही, कारण रक्तात सगळ्यांची कमाई एकत्र झालेली असते. त्यांनी एकेक पेशी वेगळ्या थेंबात ठेवली, त्यात पोहणारे जीवाणू सोडले आणि कोणते थबकतात ते सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. दोन्ही प्रकारच्या जीवाणूंना रोखणारी एकही पेशी त्यांना सापडली नाही. तीनच वर्षांनी, 1961 मध्ये, बोरिस रोटमन यांनी अशाच थेंबांत बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमच्या एकेका रेणूचं काम मोजलं. हे शक्य होतं ते आकारामुळे. एक मिलिलिटरमध्ये जो पदार्थ पातळ होऊन हरवतो, तोच दहा पिकोलिटरच्या थेंबात दहा कोटी पट दाट होतो.

एन्झाइम सुधारणाऱ्यांना हीच सोय हवी होती. ज्या जनुकाने चांगलं एन्झाइम बनवलं, ते जनुक त्या कामाच्या पुराव्यासह एकाच थेंबात राहतं. थेंब चमकला की दोन्ही हाती येतात. 2010 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे दहा तासांत दहा कोटी अभिक्रिया तपासल्या. त्यासाठी द्रव लागला 150 मायक्रोलिटरपेक्षाही कमी, आणि मूळ एन्झाइमपेक्षा दहापटींहून वेगवान रूपं हाती आली.

आक्षेप आहेत. दहा थेंबांमागे सरासरी एक पेशी ठेवली, तर सुमारे नव्वद टक्के थेंब रिकामेच राहतात. ही उधळपट्टी वाटते, पण सेकंदाला हजारो थेंब पाडणाऱ्या यंत्राला ती परवडते. त्याहून गंभीर आक्षेप गळतीचा. काही चमकणारे रेणू तेलातून शेजारच्या थेंबात शिरतात आणि मग पुरावा कुणाचा हेच कळेनासं होतं. न झिरपणारे रेणू निवडून यावर मात करता येते; मात्र सगळ्याच एन्झाइमांसाठी असे रेणू मिळत नाहीत, ही मर्यादा मान्य करायला हवी. तिसरा आक्षेप मला पूर्ण पटतो. पेशी शेजाऱ्यांच्या संगतीत जगते आणि थेंबात ती एकटी पडते. 2015 मध्ये उंदराच्या दृष्टिपटलातल्या 44,808 पेशी थेंबांतून वाचून त्यांचे 39 गट पाडले गेले. पण त्यांतली कोणती पेशी पटलावर नेमकी कुठे होती, हे थेंबाने सांगितलं नाही. ते जाणून घ्यायला दृष्टिपटलाचा अखंड काप वेगळा तपासावाच लागतो.